लोहारदेव होल्डवर आहे

सुरुवातीलाच सांगून टाकतो, ते अजून भिंतीवर आहे. सोसायटीच्या दोन नोटिसा आल्या, कंपनीचा टेम्पो येऊन गेला, शेजारच्या खैरनारांनी माझ्याशी बोलणं टाकलं, पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा टाकलं, तरी ते भिंतीवरच आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी पाथर्डी फाट्याला यावं, तिसरा मजला, पगारे विचारा. ज्यांना बघायचं नसेल त्यांनी बघू नये. एवढी साधी गोष्ट आमच्या सोसायटीला समजायला सात महिने लागले.

ते म्हणजे टॅपेस्ट्री. सतरंजी नव्हे, गालिचा नव्हे, आणि तळमजल्यावरच्या देवरेकाकू म्हणतात तशी 'मोठी चादर' तर मुळीच नव्हे. फ्रान्समध्ये विणलेलं, भिंतीवर लावायचं, नऊ फूट रुंद आणि सात फूट उंच चित्र. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या ज्या फ्रेंच कंपनीत मी एकतीस वर्षं काढली, पहिली बारा फोर्जिंग शॉपमध्ये, म्हणजे लाल लोखंड ठोकून घडवायच्या विभागात, तिच्या रिसेप्शनमध्ये ते लावलेलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, माझे काही कागद अजून त्यांच्याकडे अडकलेत.

चित्रात एक लोहार आहे. भट्टी पेटलेली, भाता चालू, ऐरणीवर लाल लोखंड, आणि त्यानं घण डोक्याच्या वर उचललेला. एक पाय वाकडा. शेजारी एक बाई उभी, अंगावर वस्त्र म्हणाल तर आहे, म्हणाल तर नाही. माझी मुलगी चैताली पुण्यात असते, तिला फोटो पाठवला तर तिनं पाच मिनिटांत सगळी वंशावळ कळवली. 'बाबा, हा व्हल्कन, रोमन लोकांचा लोहारदेव. लंगडा होता. ती त्याची बायको व्हीनस. मुलाला लढाईला जायचंय, म्हणून शस्त्रं बनवून मागायला आलीय.' म्हणजे बाई मुलाच्या कामासाठी नवऱ्याच्या कारखान्यात आली आहे. अंबडला हे रोज घडतं. फक्त आमच्या गेटवर तिला त्या कपड्यांत आत सोडलं नसतं.

आता हेच चित्र का, असं सगळे विचारतात. निवृत्त होणाऱ्याला आमच्याकडे शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देतात. नोकरी संपल्यावर माणसाला घड्याळ द्यायची कल्पना कोणाला सुचली कोण जाणे. कामगारांना रिसेप्शनमध्ये जायला मनाई होती. आमचं दार मागचं, टाइम ऑफिसच्या बाजूचं. एकोणीस वर्षांपूर्वी वजन उचलायच्या होइस्टवरून साच्याचा, म्हणजे डायचा, ठोकळा सुटला आणि माझ्या डाव्या पायावर आला. रुग्णवाहिका पुढच्या पोर्चमध्ये आली, म्हणून मला स्ट्रेचरवरून रिसेप्शनमधून नेलं. आणि तिथं थांबवलं, कारण बाहेर जायचा माझा गेटपास व्हायचा होता. दहा मिनिटं मी त्या गुळगुळीत फरशीवर आडवा होतो आणि वर भिंतीवर हा वाकड्या पायाचा माणूस घण उचलून उभा होता. शुद्ध हरपायच्या आधी मला एवढंच वाटलं, अरे, हा तर आपल्या शॉपमधला आहे.

पुढे मी इन्स्पेक्शनला, म्हणजे माल तपासायच्या खात्यात, गेलो, कारण तिथं लंगडत चालता येतं. निवृत्तीच्या महिन्यात कळलं की रिसेप्शन नवीन होतंय, तिथं मोठा टीव्ही लागणार आहे आणि चित्र भंगारात जाणार आहे. मी अर्ज केला, घड्याळ नको, चित्र द्या. साहेब हसले, पण हो म्हणाले. समारंभात भाषण करून, टाळ्या वाजवून त्यांनी ते मला दिलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

वस्तू देणं सोपं असतं, ती गेटबाहेर काढणं अवघड असतं. परत न येणाऱ्या मालाच्या, म्हणजे नॉन-रिटर्नेबल, गेटपासवर तीनच रकाने: तयार माल, भंगार, नमुना. व्हल्कन तिन्हींत बसेना. भंगार लिहिलं तर ठेकेदाराकडे वजन करून जायला हवं, नमुना लिहिला तर कुठल्या ग्राहकाचा ते सांगायला हवं. शेवटी पास बनवणारा म्हणाला, "पगारेसाहेब, रिटर्नेबलवर काढून देतो. कारण लिहितो, दुरुस्तीसाठी. नव्वद दिवस. पुढचं पुढं." अठरा वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या मी त्या कागदावर न वाचता सही केली. टाळ्यांचा परिणाम.

घरी आणताना ते गुंडाळून नऊ फुटांचं झालं होतं, वरून पॅकिंगचं पांढरं कापड. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चार जणांनी खांद्यावर घेतलं आणि मी लंगडत पुढे. देवरेकाकू सटाण्याकडच्या. दारात गहू निवडत बसल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला.

"कोन गयं व माय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही काकू, चित्र आहे."

"मयत वर कसाले लई चालनात?" त्या म्हणाल्या, म्हणजे मयत खाली आणायचं सोडून वर का नेताय, आणि माझ्या उत्तरावर विश्वास नसल्यानं हात जोडून उभ्याच राहिल्या. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे तीन जण भेटायला येऊन गेले. दार मीच उघडल्यामुळे त्यांची निराशा झाली.

यशोदेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते अर्धं उलगडलेलं पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "एवढ्या विणकामात येवल्याच्या चार पैठण्या झाल्या असत्या." दुसरं वाक्य होतं, "ही कोण?" मी चैतालीचा निरोप वाचून दाखवला. यशोदा म्हणाली, "मुलासाठी आलीय म्हणता, तर मुलगा दोघांचा ना?" मी पुन्हा फोन लावला. मुलगा फक्त तिचा निघाला. त्यानंतर आठवडाभर घरात व्हल्कनबद्दल सहानुभूती आणि माझ्याबद्दल संशय असं वातावरण होतं.

भिंतीचा प्रश्न आला. हॉलमधल्या मोठ्या भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब. त्या भिंतीला हात लागणार नाही हे यशोदेनं मी तोंड उघडायच्या आधीच सांगितलं, आणि त्या बाबतीत मीही तिच्याच बाजूचा होतो. उरली समोरची दहा फुटांची भिंत, जिच्यावर सगळी बटणं आहेत. तेव्हा बटणं चित्राखाली जाणार. आजही आमच्याकडे पंखा लावायचा तर भात्याच्या मागे हात घालावा लागतो, आणि ट्यूबलाइटसाठी व्हीनसच्या घोट्याजवळ. पाहुण्यांना मी सांगतो, तुम्ही बसा, मी लावतो.

सल्ले येऊ लागले. एकानं मधून कापून दोन पडदे करायला सांगितलं. दुसऱ्यानं सोफ्याला कव्हर शिवा म्हणून सांगितलं, म्हणजे बाई खाली दडपली जाईल. वरच्या मजल्यावरच्या भगिनींनी तोडगा काढला की व्हीनसला नुसता एक ब्लाउज शिवावा, रंग मॅचिंग मिळेल. त्यासाठी त्यांनी सिडकोतल्या सलीमभाईंना परस्पर बोलावूनही घेतलं. सलीमभाई सोफे-पडद्यांचं काम करतात, पण घराणं मालेगावचं, तीन पिढ्या मागावर गेलेल्या. त्यांनी चित्राकडे पाहिलंच नाही. ते उलटं केलं, चष्मा लावला आणि पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मशीनचं आहे, पगारेभाऊ," ते म्हणाले. "हाताचं कोणी सांगितलं असेल तर चूक आहे. पण मशीन चालवणारा उस्ताद होता. एक धागा तुटलेला नाय. आमचे अब्बा असं कापड बघितलं की लुंगीला हात पुसून मग हात लावायचे."

"आणि ब्लाउज?" भगिनींनी विचारलं.

"ताई, विणलेल्यावर शिवायचं नसतं. विणणाऱ्यानं जेवढं ठेवलं तेवढंच. तुम्हाला लाज वाटत असेल तर मी तुमच्या खिडकीला पडदा शिवून देतो."

त्या दिवसापासून सलीमभाई माझे मित्र झाले. त्यांनी पाठीमागे जाड कापडाची पट्टी शिवून दिली, त्यात पाइप ओवायचा आणि पाइप बोल्टवर टेकवायचा. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढची चूक पूर्णपणे माझी, आणि ती मी मान्य करतो, कारण बाकी कुठलीच मी मान्य करणार नाही.

चित्राचं वजन नऊ किलो. चार साध्या खिळ्यांनी भागलं असतं. पण फोर्जिंगमध्ये आयुष्य गेलेल्या आणि अंगावर एकदा वजन पडलेल्या माणसाला खिळा हा प्रकार पटत नाही. मी सुरक्षिततेचा हिशोब मांडला, त्याला दहानं गुणलं, आणि बारा एमएमचे सहा इंची अँकर बोल्ट आणले. त्या चार बोल्टांवर मोटारसायकल टांगता आली असती. सहा इंचांचा बोल्ट ज्या भिंतीत जातो ती चार इंचांची आहे, आणि पलीकडे सोसायटीचे चेअरमन खैरनार राहतात, हे दोन्ही मला माहीत होतं. पण दोन्ही गोष्टी एकत्र माहीत नव्हत्या.

पहिले दोन पलीकडे कपाटामागे निघाले म्हणून कळलं नाही, तिसरा बोल्ट ठोकताना मात्र पलीकडून काच फुटल्याचा आवाज आला. मग खैरनार दारात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस कधी आवाज चढवत नाही, फक्त भाषा चढवतो.

"पगारे, सदर भिंतीतून आमच्या दिवाणखान्यात एक लोखंडी वस्तू अवतरली आहे."

वस्तू त्यांच्या 'उत्कृष्ट कर्मचारी' प्रमाणपत्रातून अवतरली होती, नेमकी त्यांच्या नावातून. मी माफी मागितली. नवी फ्रेम आणली, काच बसवली, बाकीचे तीन बोल्ट आखूड केले. बाहेर आलेलाही कापायला निघालो, तर खैरनारवहिनी म्हणाल्या, राहू द्या, फ्रेम त्यालाच अडकवा, आधीचा खिळा हलत होता. लेव्हल लावून अडकवली. इतकी सरळ ती खात्यातही कधी लागली नसेल. पण खैरनारांच्या मनातली वाकडीच राहिली. चौथ्या दिवशी नोटीस आली.

'सदनिकाधारक श्री. पगारे यांनी सामाईक भिंतीवर एक विवस्त्र स्त्री व एक अर्धविवस्त्र कामगार विनापरवानगी बसविला असून...'

विवस्त्र स्त्रीचं मी सोडून दिलं. पण 'अर्धविवस्त्र कामगार' मला झोंबलं. बाराशे डिग्रीच्या भट्टीपुढे उभं राहून बघा म्हणावं, मग कपड्यांचं बोलू. मी लेखी उत्तर दिलं की कामगाराच्या अंगावर कामाला साजेसा पोशाख आहे, त्रुटी एवढीच की पायात सेफ्टी शूज नाहीत. त्यावर काही महिन्यांनी दुसरी नोटीस आली. रविवारी अकरा वाजता 'स्थळपाहणी व विशेष सभा', स्थळ पगारे यांची सदनिका. म्हणजे माझ्याविरुद्धची सभा माझ्याच हॉलमध्ये, आणि चहा यशोदेनं करायचा.

त्याच आठवड्यात कंपनीच्या सिक्युरिटीतून वसीमचा फोन आला. गेटवर वीस वर्षं काढलेला, मला चांगला ओळखणारा. नव्वद दिवस उलटले तेव्हापासून तो दर महिन्याला फोन करायचा, आणि मी दर महिन्याला 'बघू' म्हणायचो.

"साहेब, तुमचं ते रिटर्नेबल अजून ओपन दिसतंय."

"वसीम, ते मला भेट दिलंय. तू टाळ्या वाजवल्यास की."

"वाजवल्या ना साहेब. पण टाळ्यांची एन्ट्री कुठंय? ऑडिटवाला बसलाय. बोलतो, एक तर आयटम आणा, नायतर दुरुस्तीचा रिपोर्ट. रविवारी टेम्पो घेऊन येतो. माफ करा हां."

रविवारी अकराला हॉल भरला. मी व्हल्कनच्या खाली उभा राहिलो, बसलो नाही. खैरनारांनी प्रस्ताव वाचला, चित्र आठ दिवसांत काढावं. एकानं अनुमोदन दिलं. देवरेकाकू पुढच्या खुर्चीत बसून चित्र बारकाईनं बघत होत्या.

"बाईना आंगवर कपडा नही शे, ते खरं," त्या म्हणाल्या. "पन तो गडी तिनाकडे बघीच नही राह्यना. कामकडे बघी राह्यना. चांगला मानूस शे."

हे मी सात महिन्यांत कोणाला पटवू शकलो नव्हतो. खैरनार म्हणाले, "प्रश्न सौंदर्यदृष्टीचा आहे. पगारेंचं आयुष्य अंबडच्या शॉपमध्ये गेलं, त्यांना हे परदेशी कलेचं खूळ अचानक कशाला? हे कुठल्या तरी हॉटेलच्या लॉबीत शोभतं."

चहाचा ट्रे टीपॉयवर जरा जोरात ठेवला गेला. यशोदा आली होती. सात महिने या चित्राबद्दल तिनं एक चांगला शब्द काढला नव्हता.

"भाऊ, तुमचा चहा गार होईल, पण ऐका," ती म्हणाली. "हा माणूस त्या कंपनीत एकतीस वर्षं मागच्या दारानं गेला. पुढच्या दारानं एकदाच गेला, तो आडवा होऊन. तेव्हा ह्यांना हे चित्र दिसलं होतं. ह्यांनी मला कधी सांगितलं नाही, मला पोरीनं सांगितलं. लॉबीत शोभतं म्हणता ना? एवढी वर्षं लॉबीतच होतं. आता आमच्या घरी शोभू द्या."

मी जोरदार भाषण तयार केलं होतं, त्याचा कागद घडी करून खिशात घातला, कारण यानंतर ते करण्यात अर्थ नव्हता.

खैरनारही हलले होते, पण त्यांच्या हातात छापील प्रस्ताव होता. "वहिनी, भावना समजू शकतो. तथापि नियम..." एवढ्यात बेल वाजली. दारात वसीम, युनिफॉर्ममध्ये, काखेत गेट रजिस्टर, मागे टेम्पोवाला दोरी घेऊन. वसीमनं पन्नास माणसांसमोर खालच्या मानेनं सांगितलं की ही वस्तू कंपनीच्या कागदावर दुरुस्तीसाठी बाहेर आहे आणि आज परत न्यायची आहे.

खैरनारांचा चेहरा उजळला. ठराव न करताच काम होत होतं. "म्हणजे पगारे, मुळात हे तुमचं नाहीच!"

आता एक गोष्ट सांगायची राहिली. इन्स्पेक्शनमध्ये आमच्याकडे लाल टॅग असायचे, त्यावर मोठ्या अक्षरांत 'होल्ड'. शंका आली की वस्तूला टॅग तारेनं बांधायचा, खाली सही. मग ती वस्तू कोणी हलवायची नाही. फोरमन नाही, मॅनेजर नाही, फ्रान्सचा साहेब आला तरी नाही. जो टॅग बांधतो, तोच काढतो. हा नियम मी भांडून लिहून घेतला होता, माझ्या पायानंतर. निवृत्त होताना खिशात राहिलेले पाच-सहा टॅग घरी आले, आणि यशोदेनं ते लोणच्याच्या बरण्यांना बांधले. बरणी होल्डवर असली की मुरेपर्यंत घरात कोणी हात लावत नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो, कैरीच्या बरणीचा टॅग सोडला, तेलाचा डाग पुसला, मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत 'होल्ड' लिहिलं, तारीख घालून सही केली आणि येऊन चित्राच्या खालच्या कडेला बांधला. तार तीन वेळा पिळली.

"वसीम," मी म्हणालो, "कागदावर काय आहे? दुरुस्ती. दुरुस्तीहून परत येणारा माल इन्स्पेक्शनशिवाय आत घेता येतो का?"

"नाय साहेब."

"तपासणी कोण करतंय?"

वसीमनं टॅग हातात घेतला, सही पाहिली. अठरा वर्षं त्यानं ही सही पाहून ट्रक थांबवले होते. मी आता नोकरीत नाही, माझ्या सहीला कवडीची किंमत नाही, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्यानं टाचा जुळवल्या आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, "दोरी ठेव. होल्ड आहे."

खैरनार पुढे आले आणि टॅग वाचू लागले. लाल कागद, सही, तारीख. त्यांच्यातला पाटबंधारे खात्याचा माणूस जागा झालेला मला दिसला.

"म्हणजे प्रकरण अन्य कार्यालयात प्रलंबित आहे," ते हळूच म्हणाले.

"आहे."

"मग सभेला निर्णय घेता येणार नाही. नियमच आहे." त्यांनी पेन काढलं आणि इतिवृत्तात लिहिलं: विषय प्रलंबित, सबब तहकूब. लिहिताना त्यांना समाधान वाटत होतं. प्रलंबित ठेवण्यात त्यांचा हात धरणारा खात्यातही कोणी नव्हता. जाताना मी त्यांना हळूच म्हणालो की तसाही बोल्ट काढला असता तर तुमचं प्रमाणपत्र पडलं असतं. ते पुन्हा बोलायचे थांबले.

माणसं पांगली. वसीम मात्र रजिस्टर हातावर तोलून उभ्यानंच लिहीत होता. मी म्हणालो, "अरे, बस ना."

त्यानं चित्राखालच्या सोफ्याकडे पाहिलं. रिसेप्शनमध्येही याच चित्राखाली सोफा होता, आणि त्यावर गार्डनं बसायचं नाही, कामगारानं तर नाहीच. वीस वर्षं तो त्या सोफ्याशेजारी उभा राहिला होता.

"इथं, साहेब?"

"इथंच. हे रिसेप्शन माझं आहे."

तो आधी कडेला बसला, मग नीट बसला, टोपी काढून शेजारी ठेवली. मीही त्याच्याजवळ बसलो आणि डावा पाय स्टुलावर टाकला. यशोदेनं दोघांना चहा दिला. वसीमनं रजिस्टर मांडीवर उघडलं.

"होल्डचं कारण काय लिहू साहेब? रकाना आहे."

मी मान वर केली. भट्टी पेटलेली होती, लोखंड लाल होतं, आणि घण डोक्यावर तसाच.

"लिही, घण अजून वर आहे. शेवटचा घाव बसल्याशिवाय माल शॉपबाहेर जात नाही."

"आणि परत करायची तारीख?"

"घाव बसेल त्या दिवशी."

वसीमनं मान मागे करून त्या घणाकडे नीट बघून घेतलं, आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात रकान्यात लिहिलं: काम चालू आहे.